कमी ताणाच्या तारा

वाद्य घेणारा माणूस लाकूड पाहतो, रंग पाहतो, थोडी घासाघीस करतो आणि वाद्य घेऊन घरी येतो. तारा कोणत्या लावल्या आहेत हे तो विचारत नाही आणि दुकानदारही आपणहून सांगत नाही. सोने घेताना हीच मंडळी कॅरट विचारतात, कापड घेताना सूत चिमटीत धरून पाहतात. वाद्याच्या बाबतीत मात्र जी वस्तू प्रत्यक्ष वाजते आणि जिच्यावर आपले बोट टेकते, तिचीच चौकशी होत नाही. निवृत्तीनंतर मी या एका चौकशीच्या मागे लागलो. तिच्यातून जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवावे असे वाटते. विशेषतः ज्यांच्या घरी नातवंडांनी हौसेने घेतलेले आणि मग सोडून दिलेले एखादे युकुलेले कपाटावर पडून आहे, त्यांच्यापुढे.

युकुलेले म्हणजे गिटारच्या घाटाचे, चार तारांचे लहान वाद्य. त्याचे मूळ पोर्तुगालच्या मदैरा बेटावर आहे. १८७९ च्या ऑगस्ट महिन्यात रेव्हन्सक्रॅग नावाचे जहाज हवाई बेटांतील उसाच्या मळ्यांत कामासाठी निघालेली मदैराची कुटुंबे घेऊन होनोलुलूला लागले. त्या प्रवाशांत मानुएल नुनेस, ऑगुस्तो डियास आणि जोझे दो एस्पिरितो सान्तो हे तीन लाकूडकामाचे कारागीर होते. मळ्यावरचा करार संपल्यावर त्यांनी शहरात दुकाने थाटली आणि आपल्या बेटावरचे छोटे वाद्य तिथल्या लाकडात घडवू लागले. हवाईच्या भाषेत युकुलेले या शब्दाचा अर्थ ‘उडी मारणारी पिसू’ असा सांगतात. जीवजंतूंचा इतका विचार करणाऱ्या आपल्या घरांत वाद्याला असे नाव ठेवण्याचे धाडस कोणी केले नसते, पण आता ते जगभर रूढ झाले आहे.

याचे चार आकार मिळतात. तार घोडीपासून मानेच्या टोकापर्यंत जेवढी मोकळी वाजते ती लांबी सोप्रानोत सुमारे १३ इंच, कॉन्सर्टमध्ये १५, टेनरमध्ये १७ आणि बॅरिटोनमध्ये १९ ते २० इंच असते. गंमत अशी की पहिले तीन आकार एकाच सुरावट्यात लावतात. म्हणजे टेनरची तार सोप्रानोपेक्षा चार इंच लांब, तरी तिच्याकडून सूर तोच मागायचा. लांब तारेला त्याच सुरापर्यंत न्यायचे तर ती अधिक ओढावी लागते. टेनर हाताला कडक लागते याचे पहिले कारण इथे आहे.

आमच्याकडचे टेनर नातीचे. २०२० च्या टाळेबंदीत तिने ते मागवले, दीड वर्ष वाजवले आणि महाविद्यालयासाठी पुण्याला जाताना माझ्या टेबलावर ठेवून गेली. मी तोवर बाजाची पेटीसुद्धा नीट वाजवलेली नव्हती. शिकलो ते तिच्याकडूनच, फोनवर. पण डाव्या हाताच्या बोटांच्या टोकाचे सांधे सुजलेले. पस्तीस वर्षे नोटांच्या पिन मारलेल्या गड्ड्या सोडवणाऱ्या पिढीतला मी. डॉक्टरांनी संधिवाताचे निदान केले आणि ‘बोटांवर जोर नको’ एवढेच सांगितले. वाजवू नका असे ते म्हणाले नाहीत. तो शब्द मी जपून ठेवला.

हे एवढेच असते तर मी वाद्य बाजूला ठेवले असते. पण घरात दुसरा प्रश्न होता. आमच्या सौ. मंडळात तीस वर्षे स्तवने म्हणत आल्या. दोन हिवाळ्यांपूर्वी त्यांची थायरॉइडची शस्त्रक्रिया झाली. आजार गेला, परंतु आवाजाचा वरचा पल्ला गेला. अशा शस्त्रक्रियेनंतर काहींचे असे होते, काहींचा आवाज महिन्या-महिन्यांनी परत येतो, असे त्यांच्या डॉक्टरांनी सांगितले होते. मंडळाची पेटी पांढरी पाचात लागते. वीस बायकांची पेटी एकीसाठी खाली उतरत नाही आणि ती उतरावी असे सौ.नीही कधी म्हटले नाही. त्या मंडळात जात राहिल्या, फक्त ओठ हलवीत. घरी मात्र म्हणणेच थांबले. चौविहार आटोपून दिवेलागणीला जो मोकळा तास मिळतो, ज्यात पूर्वी स्वयंपाकघरातून स्तवनाची ओळ ऐकू येत असे, तो तास आमच्या घरात मुका झाला. त्या तासासाठी मी तारांचा हिशेब मांडायला बसलो.

तारेचा हिशेब जुना आहे. फ्रेंच धर्मगुरू मारँ मर्सेन याने १६३६ च्या आपल्या ग्रंथात तो मांडला. ताण तीन गोष्टींवर ठरतो: तार किती लांब, सूर किती उंच, आणि तार दर लांबीला किती जड. यातल्या पहिल्या दोन गोष्टी वर्गाने चढतात. सूर दुप्पट उंच हवा असेल तर ताण दुपटीने वाढत नाही, चौपट होतो. चक्रवाढ व्याजाची सवय असलेल्या माणसाला हे लवकर उमगते. तिसरी गोष्ट, म्हणजे वजन, सरळ प्रमाणात चालते. पण वजन जाडीच्या वर्गाने वाढत असल्याने तिथेही थोडा फरक मोठा ठरतो.

वहीत मी एका तारेचा हिशेब केला. टेनरच्या सर्वांत बारीक तारेचा रूढ सूर ४४० कंपनांचा. ०.६१ मिलिमीटर जाडीची साधी नायलॉनची तार त्या सुराला नेली तर तिच्यावर सुमारे ४.९ किलो ताण येतो. नेहमीच्या बऱ्याच तारा त्याहून जड, म्हणजे साडेपाच किलोच्या घरात जातात. चारही तारांचा एकत्रित ताण वीस-बावीस किलो होतो. तांदळाच्या पंचवीस किलोच्या गोणीला थोडा उणा असा हा भार एका पातळ फळीवर चिकटवलेल्या घोडीला अहोरात्र ओढत असतो. जाता जाता सांगतो, मुले कधी कधी गिटारच्या पोलादी तारा यावर चढवतात. पोलादी तारांच्या गिटारीवरचा एकूण ताण सत्तर किलोच्या आसपास असतो. त्या बेताच्या तारा युकुलेलेवर चढवल्या तर घोडी उखडण्यास वेळ लागत नाही.

आता दुकानातील पाकिटाकडे येऊ. पाकिटावर ‘सॉफ्ट’, ‘लाइट’, ‘लो टेन्शन’ असे छापलेले असते. या शब्दांना सर्वमान्य माप नाही. एका उत्पादकाची ‘सॉफ्ट’ दुसऱ्याच्या साध्या तारेहून कडक निघू शकते. बँकेच्या जाहिरातीत ‘आकर्षक व्याजदर’ असे लिहिलेले असले की शहाणा ठेवीदार टक्का विचारतो, तसे इथे जाडी विचारावी आणि द्रव्य विचारावे. काही पाकिटांवर मागच्या बाजूस बारीक अक्षरांत जाडी छापलेली असते, काहींवर ताणसुद्धा पौंडांत दिलेला असतो. एक पौंड म्हणजे अर्ध्या किलोहून थोडे कमी. ज्या पाकिटावर यातले काहीच नाही ते मी परत ठेवतो.

द्रव्याची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे आणि तिथेच आपल्या घरांचा संबंध येतो.

पूर्वी अशा वाद्यांना तात लावत. तात म्हणजे काय हे जुन्या माणसांना सांगायला नको. दारावर कापूस पिंजायला येणाऱ्या पिंजाऱ्याच्या धनुकलीवर ती ताणलेली असे आणि तिचा तो टणत्कार अजून कानात आहे. ती मेंढी-बकरीच्या आतड्याची. व्हायोलिन, गिटार, युकुलेले, आपली सारंगी, साऱ्यांचा सूर शतकानुशतके तिच्यावर उभा होता. पट्टा कातडी आहे का, औषधाची कुपी कशाची आहे, हे विचारणाऱ्या घरात वाद्याच्या तारेविषयी हा प्रश्न कोणी केला नसावा, कारण तंबोऱ्याच्या तारा पोलादाच्या आणि पितळेच्या, पेटीला तारच नाही. तेव्हा प्रश्न उद्भवलाच नाही.

तातीची जागा घेतली ती नायलॉनने, आणि तीही अहिंसेसाठी नव्हे. ड्युपाँ या अमेरिकन कंपनीने १९३८ मध्ये नायलॉन जाहीर केले. दुसऱ्या महायुद्धात तात दुर्मिळ झाली, कारण जखमी सैनिकांच्या जखमा शिवायला तीच लागत होती. त्या टंचाईत न्यूयॉर्कमधील अल्बर्ट ऑगस्टिन या वाद्यकारागिराने नायलॉनच्या धाग्यापासून गिटारच्या तारा करून पाहिल्या, आणि थोर स्पॅनिश वादक आंद्रेस सेगोव्हिया याने त्या पसंत केल्यावर जग तातीकडून नायलॉनकडे वळले. जाड, खर्जाच्या तारांच्या पोटात तोवर रेशमाचा पीळ असे व त्यावर धातूची तार गुंडाळलेली असे. तिथेही नायलॉनचे तंतू आले. रेशीम वर्ज्य मानणाऱ्यांनी ही दुसरी गोष्टही ध्यानात ठेवावी. टंचाईने घडवलेला हा बदल व्यापाऱ्याच्या दृष्टीने नेहमीचाच. माझ्या दृष्टीने त्याचे फळ असे की आज बाजारातील साधे, स्वस्त पाकीट आपल्या घरात निःशंकपणे येऊ शकते. उंची पाकीट घेताना मात्र वाचून घ्यावे. ‘गट’ या शब्दाने बिचकू नये, परंतु तपासावे; इटलीतील विचेन्झा येथील अक्विला कंपनीने तातीसारखे वजन आणि नाद असलेले कृत्रिम द्रव्य बनवले आहे आणि त्याचे नाव ‘नायलगट’ आहे. नावात आतडे, वस्तूत नाही.

दुसरे द्रव्य फ्लुओरोकार्बन. आजकाल जाणकार वादक याचीच शिफारस करतात. पाणी १ धरले तर नायलॉनचे वजन १.१४ भरते आणि फ्लुओरोकार्बनचे १.७८. म्हणजे त्याच ताणाला तार जवळजवळ पंचमांशाने बारीक करता येते. सूर स्वच्छ येतो आणि पावसाळी दमटपणा ती जवळजवळ शोषून घेत नाही. पनवेलच्या आषाढ-श्रावणात हा शेवटचा गुण मोठा. पण इथे एक फसगत संभवते. ‘फ्लुओरोकार्बन हलकी असते’ असे ऐकून कोणी नायलॉनच्याच जाडीची घेतली, तर ताण कमी होण्याऐवजी दीडपटीहून वाढतो. ०.६१ मिलिमीटरचा वरचाच हिशेब घ्या: नायलॉनला ४.९ किलो, तर फ्लुओरोकार्बनला ७.६ किलो. हलकेपणा द्रव्यात नसून बारीकपणात आहे. आणि बारीक तार म्हणजे कमी ताणातही बोटात रुतणारी तार. तरुण बोटाला घट्टा पडून ते सुटते. माझ्यासारख्याच्या सुजलेल्या सांध्याला आणि मधुमेह्याच्या बधिर बोटाला ती धार सोसत नाही.

आणखी एक बाब आहे. फ्लुओरोकार्बनचा हा धागा मुळात मासेमारीसाठी निघाला. जपानच्या कुरेहा कंपनीने तो गळाच्या दोरीसाठी आणला आणि पुढे वाद्यवाल्यांनी तो उचलला. आपल्या पनवेलच्या खाडीवर कोळीबांधव ज्याला तंगूस म्हणतात, त्याचाच हा अधिक जड, पारदर्शक भाऊ. परदेशांत कित्येक वादक सरळ गळाच्या दुकानातून रीळ आणून त्याचे तुकडे वाद्याला लावतात, स्वस्त पडते. मी हे जेवणाच्या टेबलावर सांगितले तेव्हा सौ. थांबल्या आणि म्हणाल्या, “अहो, म्हणजे स्तवन गळाच्या दोरीवर?”

याचे उत्तर दोन्ही बाजूंनी देता येते. तो धागा खनिजापासून कारखान्यात बनतो, त्यात प्राण्याचा अंश नाही. वाद्याचे पाकीट म्हणून घेतला तर गळाच्या दुकानाला आपला पैसाही जात नाही. त्याच न्यायाने तंगुसात ओवलेल्या मोत्यांच्या माळा आपल्या किती घरांत आहेत. हा युक्तिवाद मला मान्य आहे आणि दुसऱ्या घराने तो स्वीकारला तर माझी हरकत नाही. परंतु जिच्या गळ्यासाठी हे सारे चालले होते तिच्या मनात एकदा ती दोरी आली, की मग प्रत्येक झंकाराबरोबर ती येत राहणार. कर्जाचा अर्ज नियमात बसत असूनही शाखाधिकाऱ्याने नाकारावा अशा काही वेळा असतात. मी फ्लुओरोकार्बनचे पाकीट घेतले नाही.

इथे एक आडवळण. नायलॉनच्या कुळात एक प्रकार असा आहे की जो खनिज तेलापासून नव्हे, एरंडेलापासून बनतो. वाद्यांच्या तारांतही एरंडापासूनचे नायलॉन आले आहे. जगात सर्वांत अधिक एरंड आपल्या देशात पिकतो आणि त्यातला बहुतेक गुजरातेत. आपल्या वाचकांपैकी कित्येकांच्या वाडवडिलांनी एरंडाचे वायदे केले असतील. त्या बियांचे तेल परदेशी जाऊन, तार होऊन, पाकिटात बसून परत यावे आणि त्यावर आपण भाव द्यावा, यात व्यापाराचे सारे शास्त्र आले. किंमत अर्थातच साध्या नायलॉनपेक्षा बरीच अधिक आहे आणि माझ्या कामाला साधे नायलॉन पुरे होते, म्हणून मी तेच घेतले.

तार निवडताना सूर आधी की तार आधी, हा प्रश्न मला मिरजेने शिकवला. नोकरीत काही वर्षे मी सांगली जिल्ह्यात होतो. मिरजेत सतारी-तंबोरे घडवणाऱ्या सतारमेकर घराण्यांची परंपरा एकोणिसाव्या शतकापासूनची आहे. २०२४ मध्ये तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. एका कारागिराच्या कर्जखात्याची तपासणी करताना साठ्याच्या यादीत ‘भोपळे’ अशी नोंद पाहून मी चकित झालो होतो. पंढरपूरकडून येणारे ते वाळलेले भोपळे म्हणजेच तंबोऱ्यांचा कच्चा माल, हे मला तेव्हा कळले. घसाऱ्याचा दर काय लावावा हे कोणत्याच परिपत्रकात नव्हते. त्या दुकानात गिऱ्हाईक आले की कारागीर पहिला प्रश्न करी, “सूर कोणता?” काळी एक सांगितली तर एका जाडीच्या तारा, काळी चार सांगितली तर दुसऱ्या. बाईंचा तंबोरा लहान, त्याच्या तारा बारीक. बुवांचा मोठा, त्याच्या तारा जाड. गाणाऱ्याचा गळा आधी, त्यावरून लांबी आणि तार. आपल्या संगीतात सूर आकाशातून येत नाही, तो घरातल्या माणसाच्या छातीतून येतो आणि वाद्य त्याच्या मागून चालते.

युकुलेलेवाल्यांच्या जगात उलट आहे. तिथे चार सूर छापून ठेवले आहेत, जी, सी, ई, ए, आणि सारे पुस्तक त्यांना धरून. त्या चार सुरांत ईश्वरी असे काही नाही. जुन्या काळी कित्येक पुस्तके हेच वाद्य एक पूर्ण स्वर वर लावायला सांगत. मग एक पूर्ण स्वर खाली लावायला कोणाची मनाई आहे?

हाच सगळ्या चौकशीचा सांधा ठरला. चारही तारा दोन श्रुत्या नव्हे, पेटीच्या दोन पट्ट्या खाली उतरवल्या, तर ताण एकदम २० टक्क्यांहून थोडा अधिक उतरतो. एक पट्टी उतरवली तर ११ टक्के, तीन उतरवल्या तर २९. नवे पाकीट नाही, खर्च नाही. माझी ०.६१ ची नायलॉनची तार ४.९ किलोवरून ३.९ वर आली. बोटे बसायची तिथेच बसतात, कारण तारांचे परस्परांतील अंतर बदललेले नाही. पांढरी पाचासाठी मी जी ठेवण शिकलो होतो, तीच ठेवण आता पांढरी चार देऊ लागली. आणि सौ.चा गळा शस्त्रक्रियेनंतर जिथे येऊन स्थिरावला होता ती नेमकी पांढरी चार होती. माझ्या सांध्याला हवा तेवढा ढिलेपणा आणि त्यांच्या आवाजाला हवी तेवढी उतरण एकाच खुंटीवर मिळाली. दोन खाती एका नोंदीत जुळावीत, असे हिशेबात क्वचित घडते.

ज्यांना हा प्रयोग करायचा आहे त्यांना काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो.

तारा बदलण्यापूर्वी मानेच्या टोकाची खाचांची पट्टी तपासावी. सतारीत तिला अटी म्हणतात, गिटारवाले नट म्हणतात. तिसऱ्या पडद्यावर तार दाबून धरावी आणि पहिल्या पडद्यावरचे अंतर पाहावे. तिथे जेमतेम कागद सरकेल एवढीच फट हवी. स्वस्त वाद्यांत ती पट्टी बहुधा उंच ठेवलेली असते, आणि मग कितीही मऊ तार लावा, पहिल्या पडद्यावर बोट दुखणारच. हे काम कारागिराकडून करून घ्यावे; खाच गरजेपेक्षा खोल गेली तर पट्टीच बदलावी लागते. मी हार्बर लाइनने मुंबईला जाऊन, धोबी तलावच्या बाजूला चौकशी करून ते करून आणले. पट्टी बदलावी लागलीच तर हाडाची की कृत्रिम, हे आधी विचारावे. ‘बोन’ म्हणजे गुरांचे हाड, आणि चांगला कारागीर सवयीने तेच सुचवतो. कृत्रिम पट्ट्या सहज मिळतात आणि आवाजात कान ओळखील असा फरक मला तरी जाणवला नाही.

कमी ताणाचे तोटेही आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. ढिली तार मोठा झोका घेते आणि जोराने छेडली तर पडद्यावर आपटून खरखरते. तिला जोराने दाबले तर सूर चढतो, म्हणून हात हलका ठेवावा लागतो. आवाज लहान होतो. खोलीत दोन माणसांना पुरतो, सभागृहात वीस बायकांच्या समोर तो बुडून जाईल. ज्यांना मंडळाच्या साथीला बसायचे आहे त्यांनी कमी ताणाच्या नादी लागू नये. जाड ‘सी’ची तार सर्वांत आधी बिघडते, ती नायलॉनची असून फार उतरवली तर सुराऐवजी नुसता धप्प असा आवाज येतो. माझ्या हिशेबाने साडेतीन किलोच्या खाली कोणतीच तार नेऊ नये.

नवी नायलॉनची तार आठवडाभर सैल होत राहते. रोज सुरावर आणावी लागते. म्हणून तारा चातुर्मासापूर्वी, ज्येष्ठातच बदलाव्यात. त्यानंतर पनवेलची हवा ओली होते, नायलॉन ओल शोषते, आणि तेव्हा नव्या तारेचे ताणणे कोणते आणि पावसाचे कोणते हे कळेनासे होते. तारांचा संच चारशे-पाचशे रुपयांच्या आत-बाहेर मिळतो. बोटांसाठी लावायच्या मलमाच्या दोन नळ्यांचा तो खर्च आहे.

पहिल्या संध्याकाळी मी फक्त आधारसूर धरून बसलो होतो. सौ. देवघरात होत्या. बऱ्याच वेळाने आतून गुणगुणणे ऐकू आले, शब्दांशिवाय. मी हात थांबवला नाही आणि वळूनही पाहिले नाही. खातेदार बऱ्याच वर्षांनी आला तर त्याला आल्या आल्या कारण विचारू नये. चौथ्या-पाचव्या दिवशी शब्द आले. आता रोज दोन स्तवने होतात, कधी तीन. नात फोनवर ऐकते आणि माझ्या लयीच्या चुका काढते.

मागच्या महिन्यात सौ. म्हणाल्या, “अहो, जरा वर घ्या ना, अर्धा सूर. खाली बसल्यासारखं वाटतंय.” मी खुंट्या वर पिळल्या. पांढरी चार सोडून काळी तीन. ४.४ किलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तर्जनीचा सांधा बोलू लागला. तेव्हा वही पुन्हा उघडली आहे. आवाज वर येत असेल तर तार बारीक केली पाहिजे: त्याच सुराला ०.५८ ची नायलॉन घेतली तर ताण पुन्हा ३.९ वर येतो. हिशेब दोनदा तपासला, बरोबर आहे. ०.५८ च्या दोन तारा मागवल्या आहेत, आणि त्या सोबत ०.५५ च्याही दोन, पांढरी पाचासाठी.